टाकीच्या अल्याड-पल्याड

सायलस मरिंगुरचा कशावरही विश्वास नव्हता, आणि त्याला पगार मिळत होता तो त्याचाच. टाकीवरचा काटा अर्धी टाकी दाखवत असला तरी तो शिडी चढून आत काठी बुडवून बघायचा. डिझेलच्या पिंपाचं झाकण सीलबंद असलं तरी उघडून वास घ्यायचा. पायलट म्हणाला, "हवा छान आहे," की आधी आकाशाकडे बघायचा, मग पायलटकडे, आणि मग पट्टा दोनदा ओढून बसायचा. बावीस वर्षं तो आमच्या पाच बेटांवरचे बोअर, टाक्या आणि जनरेटर सांभाळत फिरला. दर पंधरवड्याला एक फेरी. कधी छोट्या विमानाने, कधी पत्र्याच्या होडीतून, आणि ओहोटी आडवी आली तर होडी ओढत, गुडघाभर चिखलातून, मगरीची चाहूल घेत. अंगात निळा सदरा, खिशावर ऑफिसचं चिन्ह, खांद्याला पान्ह्यांची पिशवी आणि हातात बर्फाची पेटी. त्या पेटीत पाण्याचे नमुने असायचे.

भानगड होती ती त्या पेटीची. बेटावरचं पाणी बाटलीत भरायचं, झाकण घट्ट लावायचं, वर चिठ्ठी चिकटवायची आणि शहरात पाठवायचं. कशाला? शहरात पाणी नाही? आणि पाठवलेल्या बाटल्या परत का येत नाहीत? यिरमुल बेटावर चिंचेखाली पत्ते कुटणाऱ्या मंडळींनी ह्या प्रश्नावर कित्येक दुपारी घालवल्या होत्या. बार्नबी काकांचं मत असं, की शहरातले लोक ते पाणी चाखतात आणि गोड लागलं तर बेटावर डोळा ठेवतात. हसण्यावारी नेण्यासारखं मत नव्हतं ते. आधी कुणीतरी मूठभर माती नमुना म्हणून नेली आणि मागोमाग खाणीची यंत्रं आली, हे आमच्या लोकांनी पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावर पाहिलेलं होतं.

तसा सायलस परका नव्हता. मोठ्या बेटावर जन्मलेला, मिशनच्या शाळेत शिकलेला, तिथल्याच गॅरेजात इंजिनाला हात लावायला शिकलेला, आणि यिरमुलचा जावई. पण निळा सदरा अंगावर चढला की माणूस अर्धा ऑफिसचा होतो, आणि कुठला अर्धा ते कोण सांगणार? त्याची बायको यिरमुलची. तिचं नाव इथे येणार नाही. माणूस गेलं की त्याचं नाव झाकलं जातं आणि घरातलं मोठं माणूस म्हणेल तेव्हाच पुन्हा उघडतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि नाव अजून झाकलेलंच होतं.

ती होती तोवर मजा होती. नवरा नळवाला आणि बायको नळाला नाक मुरडणारी. "ह्याच्या पाण्याला लोखंडाचा वास येतो," म्हणायची आणि रोज सकाळी वाळूच्या टेकाडामागे जाऊन मोठ्या शंखाने वाळू उपसायची. तिथे गोड्या पाण्याचा झिरा होता, तिच्या आजीच्या आजीपासूनचा. ते पाणी आणून चहा करायची आणि चिंचेखाली सगळ्यांदेखत नवऱ्याला विचारायची, "काय ऑफिसर, भरू का बाटली?" सायलसही हसायचा. मग तिच्या किडन्या गेल्या. एका दुपारी तो तिला विमानात घालून शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला आणि पाच आठवड्यांनी पेटीतून परत आणली. तिला टेकाडाच्या पायथ्याशी पुरलं आणि झिरा बंद झाला. ती तिची जागा होती. तिथे धूर करून जागा मोकळी करण्याचा अधिकार एकीचाच, तिच्या आईचा. आईने काही तो धूर केला नाही.

आई म्हणजे डोरकस. वय कुणी मोजलेलं नव्हतं. उंच, वाळकी, आवाजाला खणखणीत. आमच्यात जावई सासूकडे बघत नाही, तिच्याशी बोलत नाही, तिचं नाव घेत नाही, आणि सासूही तसंच पाळते. बोलायची वेळ आलीच तर मध्ये आडोसा धरायचा आणि दुसऱ्याच कुणाला तरी सांगायचं. ज्याचं त्याने समजून घ्यायचं. डोरकस सांगायची ती सार्जंटला. सार्जंट हा तिचा पिवळा कुत्रा, एक कान फाटलेला. पाण्याच्या टाकीच्या अल्याड ती, पल्याड सायलस, दोघांच्या पाठी पत्र्याला टेकलेल्या आणि सार्जंट दोघांच्या मध्ये घुटमळणारा. "सार्जंट, स्वयंपाकघराचा नळ गळतोय," असं ती म्हणाली की सायलस पान्हा घेऊन उठायचा. "सार्जंट, कासवाची चरबी खाऊन बरेच दिवस झाले," म्हणाली की पुढच्या फेरीला चरबी यायची. वीस वर्षं सासू-जावयाचं असं उत्तम चाललं होतं. लेक गेल्यावर मात्र ती टाकीपाशी बसायची बंद झाली. सायलसने पाठवलेलं कासवाचं मांस ती सार्जंटपुढे टाकायची, स्वतः शिवायची नाही. सार्जंट लठ्ठ झाला. तिचा राग कशाचा आहे ते सायलसला कळेना, आणि सासूला विचारणार कसं?

त्या वर्षी पावसाआधीचा उकाडा लवकर सुरू झाला. सायलस मोठ्या बेटावर असताना शहरातून फोन आला. यिरमुलच्या नमुन्यात मैल्याचे जंतू निघाले होते. बोअरचं पाणी खोल गेलं होतं आणि शेजारच्या शोषखड्ड्यातलं त्यात झिरपलं होतं.

"औषध टाकून बोअर धुवावा लागेल," साहेब म्हणाला. "आठ दिवस कुणी थेंबसुद्धा प्यायचा नाही. मी परवा सकाळी विमानं पाठवतो. सगळ्यांना उचलू या. आठच दिवस."

सायलसच्या मनात पाल चुकचुकली. आठ दिवस! नंगुर बेट अकरा वर्षांपूर्वी 'पंधरा दिवसांसाठी' रिकामं केलं होतं. मग धावपट्टी नादुरुस्त निघाली, मग डिझेल परवडेना, मग कुणी विचारेनासं झालं. आता नंगुरच्या शाळेत रानम्हशी बसतात. नंगुरचा जनरेटर शेवटचा बंद केला होता तो सायलसनेच, ऑफिसच्या हुकमावरून.

"आणि बेटावर दुसरं चांगलं पाणी असलं तर?" त्याने विचारलं.

"असेल तर उद्या दुपारी चारपर्यंत मला सांग. नसेल तर विमानं."

म्हणजे यिरमुल राहणार की नंगुर होणार हे एका झिऱ्यावर आलं. सायलसने औषधाच्या गोणी विमानात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला यिरमुलच्या लाल मातीत उतरला.

धावपट्टीवर त्याची मेहुणी रोवीना उभी होती. बेटावरचं दुकान तीच चालवायची. कमरेला किल्ल्या आणि जिभेला धार. तिच्या खांद्यावर तिची चार वर्षांची पोर मर्सी मान टाकून पडली होती.

"आलात दाजी? पोरगी दवाखान्यात चालली आणि तुम्ही पेटी घेऊन आलात. वेळ बरी साधता."

"काय झालं हिला?"

"पोट. तीन दिवस झाले. कालपासून आणखी दोन पोरांना."

"नळाचं पाणी पिते?"

"नाही, समुद्राचं पिते! काय विचारता?"

"रोवीना, नळ बंद करायचाय. आत्ताच. पाणी खराब झालंय."

रोवीनाने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं."

"कालच कळलं."

"गेल्या फेरीला तुम्ही बाटल्या भरून नेल्यात आणि त्याच्यानंतर पोरं आजारी पडली. त्याच्या आधी एकही नाही. मी दुकानात बसते दाजी, मला कधी काय झालं ते बरोबर आठवतं."

तीन आजारी पोरं आणि बेटावरची नर्स एवढ्यात ते चिमुकलं विमान भरलं. आईला जागा उरली नाही. मर्सीने खिडकीतून हात काढायचा प्रयत्न केला, काचेवर आपटला आणि रडायला लागली. विमान दिसेनासं होईपर्यंत रोवीना हलली नाही. मग सायलसला म्हणाली, "ह्याच विमानाने एक नेली होती. आता ही. माझं काही बरंवाईट ऐकायला लावलंत तर बघा." आणि चालायला लागली.

सायलसने आधी बोअरचा पंप बंद केला, झडपेला कुलूप घातलं आणि मग चिंचेखाली गेला. पत्ते थांबले. त्याने जंतू सांगितले, शोषखड्डा सांगितला, औषध सांगितलं. बार्नबी काकांनी आपल्या पेल्यातलं पाणी उजेडात धरलं.

"काचेसारखं आहे की रे पोरा."

"जंतू डोळ्यांना दिसत नाहीत काका."

"बरं आहे. देव दिसत नाही, जंतू दिसत नाहीत, तुझा साहेब दिसत नाही. ऐकायचं मात्र सगळ्यांचं आपणच."

लोक हसले, पण त्या हसण्यात सायलसला घेतलं नव्हतं. मागून एकीने विचारलं, "पिण्यावाचून राहायचं कसं? आणि तू काहीतरी सांगायचं टाळतोयस, कुठेतरी पाणी मुरतंय."

मुरतच होतं. सायलसला ते शेवटी ठेवायचं होतं, ते त्याने आधी सांगून टाकलं. चार वाजेपर्यंत चांगलं पाणी दाखवलं नाही तर उद्या सकाळी विमानं येतील. सगळ्यांना नेतील. आठ दिवसांसाठी.

'आठ दिवस' म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. नंगुरची दोन माणसं तिथे बसली होती.

"झिरा उघडला तर राहता येईल," सायलस खाली बघत म्हणाला.

बार्नबी काकांनी हातातले पत्ते पालथे टाकले. रोवीना दुकानाच्या पायरीवरून ऐकत होती. ती तिथून ओरडली, "आलं! आलं बाहेर! आधी नळाला कुलूप, मग विमानाची भीती, आणि सगळं फिरून तिच्या जागेवर. तिच्या जागेत पाय घालायचाय तुम्हाला!"

"मला नको. तुम्ही भरा. मी टेकाडाच्या ह्या बाजूला थांबतो. पण तुझ्या आईला विचार."

रोवीना गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता आणि सायलसला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"आई नाही म्हणते. म्हणते, ज्याने तिला नेलं त्याच्या शब्दावर मी तिची जागा उघडणार नाही. म्हणते, तो तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखा उठून गेला. जो तेव्हा खोटं वागला तो आज पाण्याचं खरं सांगतो कशावरून?"

"कधी? काय ऐकलं मी?"

"दाजी, सोंग नको. टाकीपाशी. विमानाच्या आधी. आई सार्जंटला म्हणाली, 'पोरीला विमानात घालू नकोस. तिचं काय व्हायचं ते इथे होऊ दे, आपल्या वाळूत.' तुम्ही पलीकडे बसला होतात. ऐकलंत, उठलात आणि उचलून घेऊन गेलात."

सायलस चिंचेच्या बुंध्याशी बसला.

"मी तासभर बसलो होतो," तो म्हणाला. "तिच्या शब्दासाठीच बसलो होतो. नर्स म्हणत होती न्या, मला ठरवता येत नव्हतं. म्हटलं, तुझी आई काय म्हणते ते ऐकू आणि तसं करू. ती एक शब्द बोलली नाही, रोवीना. मी समजलो, तिची हरकत नाही."

"आई बोलली नाही? आमची आई? तासभर?" रोवीना कडवट हसली. "थाप मारायची तर जरा पटेल अशी मारा."

आमच्यात हे असंच होतं. सासू कुत्र्याला सांगते, जावई उत्तर देत नाही, आणि निरोप पोचला की नाही हे कुणी कुणाला विचारत नाही. विचारायची पद्धतच नाही. बाहेरचा कुणी असता तर दोन वर्षांत दहादा भांडून मोकळा झाला असता.

सायलस डोकं धरून ती दुपार आठवायला लागला. उकाडा असाच होता. बायको खाटेवर होती, "वारा नाही रे," म्हणत होती. जनरेटर आठवडाभर मेलेला. तिला पंख्याचा वारा मिळावा म्हणून त्याने दोन तास राबून तो चालू केला होता. इंजिन सुरू झालं, पंखा फिरला, ती हसली. आणि मग तो हात पुसत टाकीपाशी जाऊन बसला होता. जनरेटरची खोली टाकीला लागूनच आहे.

तो उठला. सदरा काढून चिंचेच्या फांदीला अडकवला आणि नुसत्या बनियनवर टाकीकडे चालायला लागला. बायकांनी पुढे हाक दिली, "जावई येतोय गं!" दोन वाजायला आले होते. डिझेल वाचवायला बारा ते चार जनरेटर बंद असतो, त्यामुळे बेट शांत होतं; सासू-जावयाचं बोलणं एरवी ह्याच वेळी व्हायचं. टाकीपलीकडे पावलं वाजली, कापड सळसळलं. म्हातारीने तोंडावरून कापड ओढून घेतलं असणार. पत्र्याला तिची पाठ टेकलेली त्याच्या पाठीला कळली. दोन वर्षांत पहिल्यांदा. सार्जंट ह्या बाजूला आला आणि धापा टाकत बसला.

"सार्जंट," सायलस म्हणाला आणि त्याने कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. "सार्जंट, तुला एक सांगायचंय. माझा डावा कान लहानपणापासून वाहतो. उजवा इंजिनांनी खाल्ला. शांत असलं तर चालतं. इंजिन चालू असलं की माणसाचं बोलणं मला ऐकू येत नाही, नुसती तोंडं हलताना दिसतात. ऑफिसला कधी सांगितलं नाही. सांगितलं तर काम जाईल. त्या दिवशी इंजिन चालू होतं. तिला पंखा हवा होता. मी इथे बसलो होतो आणि मला काही ऐकू आलं नाही."

पलीकडून तो खणखणीत आवाज आला.

"सार्जंट, कान वाहतो म्हणे. सगळ्यांचेच वाहतात. चिंचेखाली कुणी काय पत्ता टाकला ते मात्र बरं कळतं."

सायलस सार्जंटचा फाटका कान चोळत राहिला.

"सार्जंट, दोन वर्षांनी कान आठवला. विमानं यायच्या आदल्या दिवशी."

तिचं म्हणणं चूक होतं असं त्यालाही वाटेना. तिच्या जागी तो असता तर त्यानेही शिडी चढून काठी बुडवून बघितली असती.

पलीकडे कुजबुज झाली. रोवीनाचा आवाज, "नको गं आई, काय करतेस," आणि म्हातारीचं काहीतरी तोडून बोलणं. मग किल्ल्या वाजल्या. रोवीना त्याच्याकडे न बघता समोरून गेली, जनरेटरच्या खोलीत शिरली आणि इंजिन सुरू झालं. टाकीचा पत्रा थरथरायला लागला. त्याच्या पाठीतून दातांपर्यंत ती थरथर पोचली.

बोलणं संपलं, सायलसच्या मनात आलं. दार लावून घ्यावं तसं म्हातारीने इंजिन लावून घेतलं. त्याला राग आला आणि रडूही. रोवीना खोलीतून बाहेर आली आणि टाकीच्या कडेला उभी राहिली, अशी की आई हाताच्या अंतरावर आणि सायलसचा चेहरा समोर. चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. ह्या दोघींचं काय चाललंय? त्याला ते बघणं सहन होईना म्हणून तो कुत्र्याकडे बघायला लागला.

सार्जंट उठला. फाटका आणि धड, दोन्ही कान ताठ. एवढा लठ्ठ, आळशी कुत्रा, पण शेपूट हलवत दोन पावलं पुढे गेला आणि टेकाडाकडून येणाऱ्या वाटेकडे टक लावून उभा राहिला. वाटेवर कुणी नव्हतं. सार्जंटने वळून टाकीकडे बघितलं, पुन्हा वाटेकडे बघितलं. कुणीतरी येतंय अशी त्याची खात्री दिसत होती. सायलसनेही तिकडे बघितलं. वाळू होती आणि ऊन होतं. त्याला काही कळलं नाही.

रोवीनाने तोंडावर हात दाबला. ती तशीच धडपडत खोलीत गेली आणि इंजिन बंद झालं.

"सार्जंट," पलीकडून आवाज आला. तो आता खणखणीत नव्हता. "ह्याला खरंच ऐकू येत नाही रे."

मग पत्र्यावरचा तिचा भार गेला. पावलं लांब जायला लागली आणि जाता जाता तिने हाका मारल्या: काडेपेटी आणा, हिरव्या फांद्या तोडा, माझा शंख कुठे आहे. चिंचेखालची मंडळी धावली. सार्जंट तिच्या मागे गेला, वाटेने, टेकाडाकडे.

सायलस तिथेच बसून होता. रोवीना त्याच्याजवळ येऊन मातीत बसली. तिचे डोळे लाल झाले होते.

"दाजी," ती म्हणाली, "आईने तिचं नाव घेतलं."

सायलसने ऐकलं. आता शांत होतं, त्यामुळे नीट ऐकू आलं.

"तीनदा घेतलं. शेवटचं तर ओरडून. पत्र्याला तोंड लावून. ती मला आधीच म्हणाली होती, हे ऐकू आलं तर कुठल्याही नवऱ्याचा चेहरा जागेवर राहणार नाही, तू बघ. मी बघत होते. तुम्ही पापणीसुद्धा हलवली नाहीत. कुत्र्याकडे बघत बसलात."

"तो वाटेकडे बघत होता," सायलस म्हणाला.

"हो."

"झिऱ्यावरून ती त्याच वाटेने यायची."

"हो दाजी."

दोन वर्षं त्याने ते नाव तोंडातल्या तोंडात दाबून ठेवलं होतं. विमानात, होडीत, दुसऱ्यांच्या बेटांवर उपऱ्यासारखं झोपताना. कुणीतरी एकदा ते मोठ्याने म्हणावं म्हणून त्याचा जीव तळमळायचा. आज म्हटलं गेलं होतं, त्याच्या पाठीमागे दोन हातांवर, आणि बहुतेक पूर्ण बेटाने ऐकलं असेल. कुत्र्यानेही ऐकलं. तो एकटा राहिला. तो गुडघ्यांत डोकं घालून मोठ्याने रडला आणि रोवीनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलं असतं तर मी तिला नेलं नसतं," तो म्हणाला. रोवीना म्हणाली, "माहीत आहे आता."

टेकाडावरून पांढरा धूर वर आला. सासू तिथे होती म्हणून सायलसला जाता येत नव्हतं. त्याने लांबूनच बघितलं. तासाभराने रोवीना पत्र्याच्या मगात पाणी घेऊन आली. सवयीने त्याने मग नाकाशी नेला. मग तिने बघितलं म्हणून ओशाळला आणि गटागटा पिऊन टाकला. उरलेला घोट मात्र त्याने बाटलीत ओतला आणि वर चिठ्ठी चिकटवली. "घ्या!" रोवीना म्हणाली. "सुधारणार नाहीत." पण हसली.

पावणेचारला त्याने दुकानाजवळच्या फोनवरून साहेबाला सांगितलं, पाणी आहे, विमानं नकोत. साहेबाने दोनदा विचारलं, खात्री आहे का. सायलसने दोनदा 'हो' म्हटलं. मग दवाखान्यात फोन लावून रोवीनाच्या हातात दिला. मर्सीला सलाईन लावली होती आणि ती बिस्कीट मागत होती.

चार वाजले. जनरेटर चालू करायची वेळ झाली. सायलस खोलीत गेला, डिझेलमध्ये काठी बुडवून बघितली, तेल बघितलं, किल्लीला हात घातला आणि काढून घेतला. बाहेर आला. टाकीला पाठ लावून, उजवा कान पत्र्याकडे करून बसला. पलीकडे कुणी नव्हतं. टेकाडाकडून बायकांचे आवाज येत होते, शंख वाळूत खरवडल्याचा आवाज येत होता. म्हातारी कधीतरी परत येईल. सार्जंटला काहीतरी सांगेल.

सव्वाचार झाले, साडेचार झाले. घरोघरचे पंखे बंद, दुकानातला फ्रीज बंद. शेवटी चिंचेखालून बार्नबी काकांनी हाक दिली, "अरे सायलस! वीज कुठे आहे? मेलास का काय?"

सायलसने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.